खाटेची उंची
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गतवर्षी आम्हांस काही दिवस रुग्णालयात राहावे लागले. खाट उंच, पाय जमिनीस टेकत नसत. प्रत्येक वेळी उतरावयास परिचारिकेस हाक मारणे आले. ही उंची कोणी व कोणासाठी ठरविली असेल, हा विचार तेथेच मनात आला.

पुढे वाचनात आले की, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या संस्थेतील ब्रूस आर्चर (१९२२-२००५) यांनी १९६०च्या दशकात हाच प्रश्न हाती घेतला होता. खाट ठेंगणी असावी, ही रुग्णाची गरज. ती उंच असावी, ही वाकून शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेची. आर्चर, केनेथ अ‍ॅग्न्यू आदी मंडळींनी आधी प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण केले आणि मग पायाने दांडा दाबून वरखाली करता येईल अशी खाट सिद्ध केली. एनफील्डच्या चेस फार्म रुग्णालयात तिची परीक्षा झाली. किंग्ज फंड या धर्मादाय संस्थेच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

या विद्येस इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात. वस्तू वापरणाऱ्याच्या देहाचा व अडचणीचा विचार करून तिला रूप देणे, हे तिचे सार होय.

आर्चर यांस बालपणी चित्रकार व्हावयाचे होते. परंतु मुलगा हुशार, म्हणून पंधराव्या वर्षानंतर शाळेने त्यांची चित्रकला सोडविली व विज्ञानाचे विषय दिले. हे वाचून आम्ही खजील झालो. आम्ही केवळ मॅट्रिक, तरी हयातभर मास्तरकी केली. गणिताच्या वहीत बैलगाडीच्या चाकाची सुबक आकृती काढणाऱ्या एका विद्यार्थ्याची पाने आम्ही सर्वांदेखत फाडली. त्याने पुन्हा चित्र काढलेले आम्ही पाहिले नाही.

आर्चर यांच्या हातून रेखा व गणित पुढे एकत्र आले. सर्वांचे दैव तसे नसते. आज मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये, पवई येथे, १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रात ही विद्या शिकविली जाते. तेव्हा पालकहो, डॉक्टर व इंजिनिअर अवश्य घडवा, परंतु वहीत चित्र दिसले तर फाडण्यापूर्वी एकवार विचारा, "बाळ, हे कशासाठी काढलेस?" आम्ही विचारले नाही.