शेळी आणि बिबट्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी बिबट्यासारखा विषय का, असे आपल्याला वाटेल. परंतु आपल्या करंजाड्यात निम्मी घरे घाटावरची आहेत. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. तिकडून फोन आला की पिकापाण्याच्या आधी बिबट्याचीच बातमी कानी पडते.

जुन्नर-आंबेगावात धरणे झाली, कालवे आले आणि जिराईत रानात ऊस उभा राहिला. वर्षभर उभ्या असणाऱ्या त्या गर्द उसात बिबट्याला आडोसा मिळाला. पाणी जवळ, आणि खायला कुत्री, डुकरे, शेळ्या. तिथेच त्याची पिल्ले जन्मतात. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर वनखात्याची माणसे ती संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि बहुधा रात्री आई येऊन घेऊन जाते. आईचे मन आपल्याला निराळे सांगायला नको.

पण शेळी नेली तर रडतेही बाईच. माझ्या वहिनीच्या दोन शेळ्या एका रात्रीत गेल्या. त्यांच्यावर मुलीच्या शाळेचा खर्च चालत असे. मेलेली शेळी तिने पुरून टाकली आणि मग पंचनाम्याला गेली. पुरावा उरला नव्हता, भरपाई मिळाली नाही. माणसे गेली तर भरपाई तरी कशाची घ्यायची? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लहान लेकरेही बळी पडली. अशा वेळी लोकांचा संताप होतो, तो खोटा कसा म्हणावा?

"मग सगळे धरून दूर जंगलात सोडा" असे आपण सहज म्हणतो. तेही करून झाले आहे. २००१ पासून जुन्नरकडे बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होत असत, ते १७ वर गेले! मुलूख हरवलेले जनावर अधिकच बिथरते. शिवाय ते एका जागी राहतेच असे नाही. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या चालत चालत मुंबईच्या बाजूला आला होता.

तेव्हा उपाय गोठ्यापासूनच हवा. हिमाचलातील स्पिती खोऱ्यात किब्बर नावाचे गाव आहे. तिथे हिमबिबट्या याक आणि मेंढरे मारतो. गावकऱ्यांनी एका संस्थेच्या मदतीने जनावरांचा विमा काढला. प्रत्येकाने थोडी वर्गणी भरायची आणि ज्याचे जनावर गेले त्याला त्यातून भरून द्यायचे. आपल्या भिशीचीच ही बहीण नव्हे काय? कुरणाचा काही भाग त्यांनी न चारता राखला, म्हणजे रानमेंढ्या वाढतील आणि हिमबिबट्याला त्याचे अन्न मिळेल. लडाखात गोठ्यांवर जाळीचे छत घातले. २०२४ साली जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणे भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. मेंढपाळाचा संसार राखला, म्हणून हेही राखता येतात.

आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. शेतात मेंढरे बसवतात, त्यांच्या खतावर पिके येतात. रात्री भोवती वाघर लावली, तरी त्या जाळीबाहेर बाई आणि लेकरू उघड्यावरच निजते. पाल हलवणे, स्वयंपाक, कोकरे सांभाळणे, सारे तिच्याच अंगावर.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. यंदा हळदीकुंकवाच्या वाणाच्या खर्चातून थोडे पैसे वाचवून जवळच्या वाड्यांना उन्हावर चालणारे दिवे द्यावे. दुसरे, माहेरी जाल तेव्हा आयाबहिणींना सांगा: गोठा वरूनही बंद करा, अंधारात पोरांना एकटे बाहेर पाठवू नका, आणि जनावर मारले गेले तर ते न हलवता आधी वनखात्याला कळवा.

बिबट्याला देव मानून वाघोबाला शेंदूर लावणारी आपली माणसे होती. भीती त्यांनाही होतीच, पण तिच्यासोबत राहण्याची रीत त्यांनी घातली होती. आपल्या काळाची रीत आपण घालायची आहे.