ठणठणीत माणसाची गोळी

आजारी माणसाला औषध घ्यायला लावणं अवघड. पण ज्याला काहीच होत नाही, त्याला सहा महिने रोज गोळी घ्यायला लावणं त्याहून अवघड. आज बोलायचं आहे ते या गोळीबद्दल.

समजा, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत, एका खोलीत पाच माणसं राहतात. वडिलांना फुप्फुसाचा क्षय निघाला, औषध सुरू झालं. बाकीचे चौघे धडधाकट. पण तोवर एकाच खोलीतली हवा सगळ्यांनीच घेतलेली असते. जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झालाच, असं नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी तो होतो. प्रतिबंधक औषध असतं ते या झोपलेल्या जंतूंसाठी. पूर्वी ते मुख्यतः लहान मुलांना आणि एचआयव्हीबाधितांना मिळे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांसाठी खुलं केलं. मात्र आधी तपासणी हवी. आजार असताना ही एकटी गोळी पुरत नाही, उलट जंतू तिला दाद देईनासे होतात.

आता थोरला मुलगा म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ इथे मोबाइल कामाला येतो. क्षयरुग्णांसाठी आपल्याकडे ‘९९ डॉट्स’ नावाची युक्ती वापरली गेली. गोळी पाकिटातून काढली की आत दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिसकॉल द्यायचा, पैसे लागत नाहीत. मिसकॉल आला नाही, की केंद्रातल्या माणसाला कळतं. प्रतिबंधक गोळीलाही ही युक्ती लागू पडण्यासारखी आहे.

पण मिसकॉल म्हणजे गोळी पोटात गेल्याचा पुरावा नव्हे. शिवाय घरात फोन अनेकदा एकच. त्यावर रोगाचं नाव लिहिलेला निरोप आला आणि तो शेजाऱ्याने वाचला, तर उपवर मुलीचं काय होईल, ही धास्ती खोटी नाही. म्हणून आठवण करून देताना रोगाचं नाव नको. आणि भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

फोन आठवण देईल, विश्वास देणार नाही. तो दारात येऊन, बसून बोलणाऱ्या आशाताईच देतील. मिसकॉल चुकला, तर दुसऱ्या दिवशी कुणी तरी विचारायला यायला हवं. तरच तो थोरला मुलगा सहाव्या महिन्यातली शेवटची गोळीही घेईल.