समोरच्या पडवीतील झोप



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा ‘मातृत्व’ असे मोघम सांगून आम्ही वेळ मारून नेली. घरी गेल्यावर वाटले, मातृत्वाच्या थोरवीवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. एका आईला दुसऱ्या आईचा हेवा वाटतो, यावर मात्र व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. पाणवठ्यावर बोलतात, पण तेही तिसरीच्या हेव्याविषयी. स्वतःच्या हेव्याची गोष्ट सांगणारी बाई आम्हांला अजून भेटायची आहे. तेव्हा आज ती आम्हीच व्हावे, असे ठरविले.

चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही याच गावात शिक्षिका होतो. पुणे-नगर रस्त्यावर आज जी कारखान्यांची वर्दळ दिसते, ती तेव्हा नव्हती. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. वैशाखात विहिरी तळ दाखवीत. पहाटे चारला उठून पाण्याच्या खेपा घालायच्या, भाकरी थापायच्या, दीड वर्षाच्या मुलीला एका म्हातारीकडे सोडायचे आणि धापा टाकीत शाळा गाठायची. रात्री मुलगी दातांच्या ठणक्याने जागवी. यजमानांची नोकरी परगावी. ते शनिवारी येत आणि रविवारी जात. सासर लांब, माहेर त्याहून लांब.

समोरच्या वाड्यात एक बाई राहत. आमच्याच वयाच्या, दोन मुलांची आई. वाड्यात न आटणारा आड होता. सासूबाई धडधाकट होत्या. मुले न्हाऊनमाखून ओट्यावर बसलेली असत. त्यांचे नाक वाहताना आम्ही कधी पाहिले नाही. आणि मधल्या सुटीत आम्ही मुलीला पाहायला धावत घरी येऊ, तेव्हा या बाई पडवीत चटईवर निजलेल्या दिसत. अंगावर पदर, उशाशी तांब्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या हातांतल्या पाटल्या पाहून आम्हांला काही वाटले नाही. ती दुपारची झोप मात्र फार सलत असे.

आजच्या लेकींना समोरच्या पडवीत डोकावण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाईल उघडला की मैत्रिणीच्या मुलाचा सजविलेला डबा दिसतो, मावसबहिणीच्या बाळाचे हसरे छायाचित्र दिसते. रात्री दोन वाजता रडणाऱ्या पोराचे छायाचित्र कोणी धाडीत नाही. आम्हीही त्या बाईंना दुपारीच पाहत होतो. रात्री दोन वाजता नव्हे.

‘असूया’ या शब्दाचा अर्थ अमरकोशाने फार नेमका दिला आहे. दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणे, ती असूया. आम्ही तेच आरंभिले. मुले स्वच्छ आहेत काय? मग ती नाजूक निपजणार. बाई शांत आहेत काय? मग त्यांना कशाचे काही वाटतच नसणार. शाळेच्या कचेरीत भिंतीवर अहिल्याबाई होळकरांची तसबीर होती. आपल्या जिल्ह्यातील चौंडीची ही लेक. २०२४ साली जिल्ह्याने तिचेच नाव धारण केले. त्या तसबिरीखाली बसून आम्ही मुलांच्या वह्या तपाशीत असू. त्या माउलीचा हेवा आमच्या मनाला कधी शिवला नाही. तिचा नवरा १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला, मुलगा मालेराव १७६७ साली गेला, १७९१ साली मुक्ताबाई आईच्या विनवण्या न ऐकता सती गेली, हे आम्ही वर्गात शिकवीत होतो. पण हेवा न वाटण्याचे कारण ते नव्हते. ती लांबची होती, एवढेच. हेवा करायला माणूस हाकेच्या अंतरावर लागते, वयाने आपल्याएवढे लागते.

एका उन्हाळ्यात त्या बाईंच्या थोरल्या मुलाला विषमज्वर झाला. ही बातमी आमच्या कानांवर आली, तेव्हा मनात पहिली जी लहर उठली ती दुःखाची नव्हती. सुटल्यासारखे वाटले. क्षणभरच, पण वाटले. मुलगा पुढे बरा झाला. आज तो दोन मुलींचा बाप आहे. आम्ही मात्र त्या क्षणाला अजून भितो.

अशा वेळी वडीलधारी माणसे समजूत घालतात, दुरून डोंगर साजरे. प्रत्येकीच्या पदराआड काही ना काही दुःख असतेच. कीर्तनातही गांधारीचा दाखला देतात. गांधारी दोन वर्षे गर्भार होती. वनात कुंतीला सूर्यासारखा तेजस्वी पुत्र झाल्याचे तिने ऐकले आणि स्वतःच्याच पोटावर आघात करून घेतला. मांसाचा कठीण गोळा बाहेर पडला. व्यासांनी त्याचे शंभरावर भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवविले. आणि जिचा हेवा केला, तिची अवस्था काय होती? नवरा शापित, घर वनात, आणि पहिले मूल नदीत सोडून दिलेले. त्याचे नावही उच्चारण्याची सोय नाही. बुवा येथे टाळ्या घेतात. पाहा म्हणतात, कुंतीलाही दुःख होतेच!

आम्ही विचारतो, गांधारीला कर्णाची हकीकत तेव्हाच कळती आणि तिचे मन निवते, तर ते निवणे कोणत्या जातीचे झाले असते? विषमज्वराच्या बातमीने आम्ही निवलो, त्याच जातीचे. दुसरीच्या पदराआडचे दुःख हुडकून आपले समाधान करून घ्यायचे, हा हेव्यावरचा उतारा नव्हे. शिवाय समजा, दुःख नसलेच तर? त्या बाई खरोखरच आमच्याहून सुखी होत्या. आजही आहेत. हे सरळ कबूल करायला आम्हांला वीस वर्षे लागली.

कथेकरी बुवा सहसा जेथे पोहोचत नाहीत, ते आश्रमवासिक पर्व आहे. युद्ध संपले, शंभर मुलगे गेले, आणि धृतराष्ट्र-गांधारी वनाला निघाली. स्वतःचे पुत्र राज्यावर असताना कुंतीही त्यांच्याबरोबर निघाली. ती पुढे चालते आहे, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात तिच्या खांद्यावर आहे, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. वाट दिसत नाही, म्हणून खांदा धरला. तो धरायला एवढे महाभारत व्हावे लागले.

आमचे त्या मानाने स्वस्तात झाले. लाजेकाजेस्तव मोसंबी घेऊन आम्ही मुलाला पाहायला गेलो. तो बराच सुकला होता. बाई उशाशी बसल्या होत्या. महिनाभराच्या जागरणाने डोळे खोल गेलेले. काय बोलावे सुचेना, आणि भलतेच तोंडून निघाले. आम्ही म्हणालो, “बाई, तुमची दुपारची झोप पाहून माझा जीव जळायचा.”

त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मग पोरीला इकडं का नाही सोडत? आमच्या सासूबाईंना मांडीवर पोर हवंच असतं.”

एवढे दिवस आम्ही त्यांच्या सुखाचा हिशेब मांडीत होतो. आम्हांला हवी होती दोन तासांची झोप, आणि ती मागायची असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हापासून मुलगी त्या वाड्यात जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात यजमानांना यायला जमले नाही. रविवारी दुपारी मुलीला तिकडे ठेवून आम्ही जे आडवे झालो, ते दिवेलागणीलाच उठलो. पाणी भरायचे राहिले म्हणून घाबरून दार उघडले, तर उंबऱ्याशी दोन हंडे भरून ठेवलेले होते. कोणी ठेवले, ते आम्ही विचारले नाही.