जपानी शिकायची ती मराठीतून
(भिवापूर येथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



भिवापुरात जपानी भाषेचा वर्ग काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो पालकांचा. पोरांना इंग्रजी धड येत नाही, त्यात हे जपानी कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, जपानी ही इंग्रजीच्या आधाराने शिकायची भाषाच नव्हे. मराठीतून शिकवली तर ती आपल्या मुलांना जवळची वाटेल.

एक वाक्य घेऊ. 'भिवापूर नो तोगाराशि वा कराई देसु.' म्हणजे, भिवापूरची मिरची तिखट आहे. 'नो' म्हणजे आपला 'ची', तोगाराशि म्हणजे मिरची, कराई म्हणजे तिखट, आणि 'देसु' म्हणजे आहे. (बोलताना नुसते 'देस' ऐकू येते.) मधला 'वा' तेवढा निराळा, 'मिरची म्हणाल तर' असे आपण म्हणतो, त्याच्या जवळचा. बाकी एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागून. शिवाय नामांना लिंग नाही. इंग्रजीतून शिकवणारा मात्र मराठी वाक्य आधी उलटे करून घेतो आणि जपानीसाठी पुन्हा सुलटे करतो. मुलगा मधल्या मध्येच दमतो.

अक्षरांचेही तसेच. जपानी मूल म्हणते: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. ओळखीचे वाटते ना? हा आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे. संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम् लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. कूकाई नावाचे भिक्षू 804 साली चीनला गेले आणि 806 साली परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर संस्कृत ग्रंथही होते. भिक्षूंच्या या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना हा क्रम लागला. 'प'च्या जागी 'ह' कसा, असे कोणी विचारील. प्राचीन जपानीत त्याचा उच्चार 'प'सारखा होता, असे भाषापंडित सांगतात. महाप्राण मात्र तिथे नाहीत. आपले भिवापूर तिकडे 'बिवापुरु' होते, त्याला इलाज नाही!

याच कूकाईंनी कोयासान डोंगरावर मठ स्थापला. तेथील विद्यापीठात 2015 साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. आपल्या कामठीचे ड्रॅगन पॅलेस 1999 साली जपानी उपासिकेच्या दानातून झाले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण संस्कृती शिकवायची म्हणजे एवढे गोडच सांगायचे, असे आम्ही मानत नाही. बुद्धाच्या मूर्ती घडवणाऱ्या त्याच देशात मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या वस्तीबाहेर ठेवले गेले. त्यांना बुराकु म्हणतात. 1871 च्या सरकारी हुकमाने हा भेद कायद्यात संपला. लग्नात आणि नोकरीत तो पुढेही राहिला. काही बौद्ध मंदिरांनी त्यांच्या मृतांना हिणवणारी नावे दिली, हीही नोंद आहे. या लोकांनी 1922 साली क्योटोत सुइहेइशा ही संघटना काढली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. हा धडा भिवापूरच्या मुलाला जितका समजेल, तितका तो दुसऱ्या कुणाला समजेल, असे आम्हांस वाटत नाही. म्हणून तो आमच्या वर्गात पहिल्याच वर्षी राहील.

आता कठीण भाग. चिनी चित्राक्षरे, म्हणजे कांजी. जपानने नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली 2,136 आहेत. इथे मराठीची काही मदत नाही. रोज चार-पाच गिरवावी लागतात. सर्वांत खालच्या एन5 परीक्षेला शंभराच्या आसपास पुरतात.

म्हणूनच सावध करतो. जानेवारी 2021 मध्ये भारत-जपान करार झाला, त्यामुळे शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी आपल्या मुलांना जपानला जाता येते. पण त्यासाठी कामाच्या परीक्षेखेरीज एन4 किंवा तिच्या तोडीची भाषा परीक्षा लागते. दहा दिवसांत जपानी शिकवून पाठवतो म्हणणाऱ्या दलालाला शेत गहाण टाकून पैसे देऊ नका. बारावीनंतर जपान सरकारची पदवीसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी माफ असते, निर्वाहाला पैसे मिळतात आणि पहिले वर्ष भाषेचेच असते. स्पर्धा मात्र फार, आणि गणित-विज्ञान पक्के हवे. तेव्हा जपानीसाठी कॉलेज बुडवलेले आम्ही खपवून घेणार नाही.

वर्ग दोन वर्षांचा असेल. पहिल्या दिवशी चौकोनांची वही आणि शिसपेन्सिल आणा. पुस्तकाचे नंतर पाहू.