डिझायनर कुठून येतो?

आरोग्य, शिक्षण, पाणी, वाहतूक, अपंगत्व अशा सार्वजनिक गरजांसाठी वस्तू, सेवा आणि व्यवस्था यांची आखणी करणे, आणि ती आखणी शक्य तेथे त्या गरजा भोगणाऱ्या लोकांच्या सहभागाने करणे, अशी सामाजिक डिझाइनची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. या व्याख्येत लोक येतात, गरजा येतात, पण आखणी करणारी व्यक्ती येत नाही. ती कोणत्या घरात वाढली, कोणत्या भाषेत विचार करते, कोणती गोष्ट तिला कुरूप, अस्वच्छ किंवा अनावश्यक वाटते, हे सारे जणू उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचे जोडे आहेत असे मानले जाते. प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा असा की हे शक्य नाही आणि इष्टही नाही. डिझायनरची स्वतःची संस्कृती त्याच्या प्रत्येक निर्णयात काम करत असते, आणि तिची मर्यादा कोठे येते हे कळण्यासाठी आधी ती आहे हे मान्य करावे लागते.

तटस्थतेच्या या कल्पनेलाही एक विशिष्ट जन्मस्थान आहे. जर्मनीतील उल्म येथे १९५३ ते १९६८ या काळात चाललेल्या डिझाइन विद्यालयाने अलंकरण, भावनिक आवाहन आणि व्यक्तिगत लहर यांना रजा देऊन मोजमाप, विश्लेषण आणि पद्धत यांवर आधारलेली रचना शिकवली. या विद्यालयाच्या संस्थापकांपैकी इंगे शोल यांची भावंडे, हान्स आणि सोफी, यांना नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४३ मध्ये देहान्त शासन झाले होते. प्रचाराच्या भपक्याने एका सुशिक्षित समाजाचे काय केले हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांना सजावटीचा आणि भावनेचा संशय वाटणे स्वाभाविक होते. म्हणजे उल्मचा करडा, निरलंकृत संयम सर्व संस्कृतींच्या पलीकडचा नव्हता. तो एका समाजाच्या जखमेतून आला होता. पुढे तो जगभर ‘चांगले डिझाइन’ म्हणून शिकवला गेला तेव्हा जखम विसरली गेली आणि नियम तेवढा उरला. भारतातही तो आला, कारण १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते सुधाकर नाडकर्णी उल्म येथेच शिकलेले होते. मात्र तेथील पदविकेसाठी त्यांनी निवडलेला विषय मुंबईतील दूधविक्री केंद्राचा होता. पद्धत त्यांनी तिकडची घेतली, प्रश्न मात्र ज्या शहरातील सकाळ त्यांना ठाऊक होती तेथला घेतला.

उल्मच्या नियमाला सर्वांत गाजलेला विरोध व्हिक्टर पापानेक यांनी केला. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या अमेरिकी डिझायनरचे ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ हे पुस्तक १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले, आणि सामाजिक डिझाइनचा विचार आजही बहुधा तेथून सुरू केला जातो. त्यात त्यांनी वर्णन केलेला रेडिओ टाकाऊ पत्र्याच्या डब्यात बसवलेला होता. मेण किंवा वाळलेले शेण जाळून मिळणाऱ्या उष्णतेवर तो चाले आणि त्याची किंमत अगदी नगण्य होती. डब्याचे बाह्यरूप पापानेक यांनी मुद्दाम तसेच सोडले, आणि इंडोनेशियातील वापरणाऱ्यांनी त्याला कापडाचे तुकडे, काचा आणि शिंपले लावून सजवले. त्याची चित्रे उल्ममध्ये दाखवली तेव्हा कुरूपतेमुळे काही श्रोते उठून गेले असे पापानेक नोंदवतात; वेगळ्या संस्कृतीच्या लोकांसाठी सौंदर्याचे निर्णय घेण्याचा अधिकार डिझायनरला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका नम्र वाटते, आणि म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे. या रेडिओला केंद्र निवडण्याची सोय नव्हती, कारण त्या भागात एकच प्रसारण ऐकू येते असे गृहीत धरलेले होते. डब्यावर कोणते शिंपले लावायचे हे लोकांनी ठरवायचे, पण डब्यातून कोणाचा आवाज यायचा हे आधीच ठरलेले, अशी ही वाटणी होती. उल्ममध्येच शिकलेले व पुढे तेथेच शिकवणारे, आणि १९६८ नंतर चिलीत काम केलेले गुई बोन्सिपे यांनी पापानेक यांच्या विचारात नव्या वसाहतवादाची छटा पाहिली, ती टीका तिखट असली तरी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. डिझायनरने पृष्ठभागावरून स्वतःला पुसून टाकले म्हणून तो वस्तूच्या आतून नाहीसा होत नाही. फक्त त्याच्याशी वाद घालणे अवघड होते.

याच सुमारास जयपूरमध्ये घडलेले काम वेगळ्या वाटेने गेले. पाय गमावलेल्या रुग्णांना त्या वेळी मिळणारे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल ताठ असे आणि बुटात दडवूनच वापरावे लागे; ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. ज्या समाजात बूट सर्वांच्या पायांत असतात आणि बसायला खुर्ची असते, त्या समाजाची गृहीतके त्या पावलात घट्ट बसलेली होती. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथे रुग्णांना हस्तकला शिकवणारे रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर, लाकूड आणि टायरमधील दोऱ्याचे कापड वापरून असे पाऊल तयार केले की ते लावून अनवाणी चालता येईल, ओले झाले तरी चालेल आणि घोट्यात पुरेसे वाकेल. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावल्यावर याच पावलाच्या आधाराने १९८४ मध्ये रंगमंचावर पुनरागमन केले, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

शर्मा कारागीर घराण्यातले होते आणि त्यांचे शालेय शिक्षण फारच थोडे होते. शरीररचनेचे शास्त्र डॉ. सेठींकडे होते, पण रबर साच्यात कसे शिजते आणि हाताखाली कसे वागते याचे ज्ञान, आणि जमिनीवर बसणाऱ्या माणसाला घोटा कसा लागतो याची वेगळी चौकशी न करता असलेली जाण, शर्मा यांच्याकडे होती. येथे ‘स्वतःसारखे असणे’ म्हणजे स्वतःची आवड वस्तूवर उमटवणे असा अर्थ होत नाही. स्वतःच्या जगण्यातून आलेले ज्ञान सल्लामसलतीच्या टेबलावर पुरावा म्हणून मांडता येणे, असा होतो. सन्मानाची वाटणी मात्र जुन्याच रीतीने झाली: १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला, आणि कारागिराचे नाव पुष्कळ काळ तळटिपेत राहिले.

यावरून स्थानिक माणसानेच स्थानिकांसाठी काम करावे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण गडचिरोलीतील अनुभव त्याला दुजोरा देत नाही. १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग विदर्भातलेच, तरीही गोंड समाजाच्या दृष्टीने बाहेरचे. शिवाय व्यवसायाने ते डिझायनर नव्हेत. रुग्णालय कसे असावे हे त्यांनी आदिवासींना विचारले, आणि मोठ्या इमारतीची भीती व नातेवाइकांपासून होणारी ताटातूट ध्यानात घेऊन झोपड्यांच्या वस्तीसारखे, माँ दंतेश्वरीच्या नावाचे रुग्णालय उभारले. त्यांनी १९९२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला श्वासमापक तर सामाजिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात आग्रहाने शिकवावा असा आहे. न्यूमोनिया झालेल्या बालकाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्या बाळात पन्नास ही धोक्याची खूण धरली जाते. पण निरक्षर सुईणीला इतके आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सळईवर ओवलेले मणी यांची जोडणी करण्यात आली: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर उपचार सुरू करायचे. वैद्यकशास्त्राचा निकष तसूभरही सैल झाला नाही. बदलली ती फक्त मोजण्याची रीत. बंग दाम्पत्याने गोंड असल्याचा आव आणला नाही आणि डॉक्टरपण लपवलेही नाही.

व्यावसायिक वाटचालीत हे इतके सरळ राहत नाही. भारतातील नामवंत डिझाइन संस्थांत कामाची मांडणी आणि तिच्यावरची चर्चा बहुतांशी इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विचार कमी करतो असे नव्हे, तर त्याचा बराच वेळ विचाराला कपडे चढवण्यात जातो. दुसरी अडचण जातीची आहे, आणि तिचा उच्चार क्वचित होतो: कुंभार, लोहार, सुतार, विणकर यांच्या पिढीजात ज्ञानाला ‘हस्तकला’ म्हणायचे आणि त्याची नोंद करणाऱ्याला ‘डिझायनर’, ही वाटणी अजून पुसलेली नाही. विणकराच्या घरातली मुलगी अशा संस्थेत शिकू लागली की तिचे घर हा तिच्या वर्गाचा अभ्यासविषय होतो. तिने आपले मूळ लपवावे की मिरवावे, हे दोनच पर्याय तिच्यापुढे ठेवले जातात, आणि दोन्हींत तिच्या हाताला असलेल्या कौशल्याचा प्रश्न मागे पडतो.

कॅनडातील ओकॅड विद्यापीठाच्या डिझाइन शाखेच्या अधिष्ठाता म्हणून २०१६ मध्ये आलेल्या डोरी टन्स्टॉल यांनी हा प्रश्न संस्थेच्या बाजूने हाताळला. डिझाइन शाखेच्या जगातील पहिल्या कृष्णवर्णीय अधिष्ठाता मानल्या जाणाऱ्या टन्स्टॉल यांच्या काळात तेथे मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय अध्यापकांच्या गटाने नेमणुका झाल्या. गटाने नेमण्यामागील तर्क महत्त्वाचा आहे: एकट्याने आलेल्या व्यक्तीला प्रत्येक बैठकीत आपल्या सबंध समाजाचा प्रवक्ता व्हावे लागते, तर चौघे-पाच जण असले की त्यांच्यात मतभेद दिसू लागतात आणि प्रत्येकाला स्वतःपुरते बोलण्याची मोकळीक मिळते. आपल्याकडील राखीव जागांच्या चर्चेत संख्या येते, ही बाजू फारशी येत नाही.

राहतो तो वैविध्य जपण्याच्या नावाखाली लोकांना गोठवून ठेवण्याचा धोका. घरोघरी नवजात बालसेवेची गडचिरोलीतील पद्धत २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आली तेव्हा ती राबवणारी व्यक्ती बदललेली होती. सुईणीच्या जागी किमान आठवीपर्यंत शिकलेली आशा कार्यकर्ती आली, आणि तिच्या पिशवीत डिजिटल घड्याळ देण्यात आले. मण्यांचे उपकरण आदिवासी संस्कृतीचे प्रतीक म्हणून बनवलेले नव्हते, ते विशिष्ट काळात विशिष्ट बाईच्या हातासाठी बनवलेले होते, त्यामुळे आशेच्या हाती घड्याळ येण्यात गोंड संस्कृतीची हानी शोधण्याचे कारण नाही. त्या पिशवीतले पुढचे उपकरण आखण्याच्या बैठकीला आशा कार्यकर्तीला बोलावले जाते का, आणि बोलावले तर तिच्या नावाची नोंद कोठे होते, एवढे मात्र विचारता येते.