ग्रामसभेतील आपले स्थान
(एका तालुक्याच्या गावी, बुद्धविहारात वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय आपणांपैकी पुष्कळांस कोरडा वाटण्याचा संभव आहे. वर्षावासात धम्मावर बोलावयाचे सोडून हा गृहस्थ ग्रामसभा, ठराव आणि इतिवृत्त यांवर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यास मी दोष देणार नाही. परंतु या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या एकमेकींपासून दूर नाहीत, हेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

जुन्या गावगाड्यात गावकीची बैठक भरावयाची असली म्हणजे तिची वर्दी घरोघर कोण देत असे? आपला वाडवडील देत असे. गावास बोलावून आणण्याचे काम त्याचे. आणि गाव जमल्यावर त्याची जागा मात्र चावडीच्या पायरीखाली, जोड्यांपाशी. बैठकीत काय ठरले ते त्याने ऐकावे व पाळावे. काय ठरावे हे सांगण्याचा अधिकार त्यास नव्हता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली आणि त्या वर्दीच्या कामातून आपण कायद्याने मोकळे झालो. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते, त्याचा शेवट होण्यास ३० वर्षे लागली. ग्रामपंचायतीचा आज चालू असलेला कायदाही त्याच १९५८ सालचा आहे. एका कायद्याने आपल्या हातची वर्दीची काठी काढून घेतली, दुसऱ्याने आपणांस सभेत बसण्याचा हक्क दिला. काठी आपण आनंदाने टाकली. सभेतील जागा आपण खरोखर घेतली आहे काय, हा आजचा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल की, स्वतः बाबासाहेबांचाच खेड्यावर विश्वास नव्हता. मग ग्रामसभेचे गोडवे आपण का गावे? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यास कडाडून विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडतानाही त्यांनी खेड्याचे गोड चित्र साफ नाकारले आणि राज्यघटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. हे सर्व खरे आहे. परंतु त्या विरोधाचे कारण काय होते? अस्पृश्यांना संरक्षण आणि राखीव प्रतिनिधित्व दिल्याशिवाय गावाचा कारभार गावाच्या हाती देणे म्हणजे अल्पसंख्यांस बहुसंख्यांच्या मर्जीवर सोपविणे होय, हे ते कारण होते. सभेकडे पाठ फिरवा, असे त्यांनी आपणांस कधीही सांगितले नाही. रिकाम्या हाताने सभेत जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ते संरक्षण पुढे आले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली, पंचायतींत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या. सरपंचपदही त्यात आले. स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून ते प्रमाण निम्म्यावर गेले. तेव्हा १९३२ साली जे मागितले होते त्यातील बरेचसे आज कागदावर आहे. परंतु कागदावरील हक्काची कथा आपण महाडला एकदा पाहिली आहे. ती मी थोडक्यात सांगतो, कारण तीही एका स्थानिक संस्थेच्या सभेचीच कथा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. त्याअन्वये महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. ठराव झाला, तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. तळ्याचे पाणी होते तेथेच होते आणि आपले लोक होते तेथेच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. आणि लगेच काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव सभेत मागे घेतला! तळ्यावरील हक्क न्यायालयात शाबीत होण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. यातून दोन धडे निघतात. सभेत झालेला ठराव लोकांच्या पायांशिवाय जिवंत होत नाही, हा पहिला. आणि जी सभा ठराव करते तीच तो रद्दही करू शकते. म्हणून एकदा जाऊन भागत नाही, हा दुसरा.

आता धम्माकडे वळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, सभेच्या कामकाजाचे नियम भारताला परके नाहीत. भिक्षुसंघाला ते सर्व ठाऊक होते. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, यांचा त्यांनी उल्लेख केला. विनयपिटक उघडून पाहा. महत्त्वाच्या कामी संघापुढे प्रथम ज्ञप्ती मांडावयाची, नंतर प्रस्ताव तीन वेळा उच्चारावयाचा. ज्यास मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे. मतभेद न मिटल्यास शलाका वाटून मते घ्यावयाची. आजारी भिक्षूस येता आले नाही तर त्याने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवावयाची. अनुपस्थित राहणे ही त्याची खाजगी बाब मानली जात नसे.

या नियमातील एक गोष्ट मनात पक्की धरा. सभेत मौन म्हणजे संमती. आपण समजतो की आपण गप्प बसलो म्हणजे कोणत्याच बाजूचे झालो नाही. हा भ्रम आहे. गप्प बसणाऱ्याचे मत मोजले जाते. फक्त ते दुसऱ्याच्या बाजूने मोजले जाते.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची हकिगत आहे. वज्जींवर स्वारी करण्याचा बेत करून अजातशत्रूने आपला मंत्री वस्सकार यास भगवंतांकडे पाठविले. भगवंतांनी आनंदास सात प्रश्न विचारले, त्यांत पहिलाच असा की, वज्जी वारंवार सभा भरवितात काय आणि बहुसंख्येने जमतात काय? जोवर ते तसे करतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे ते म्हणाले. अट्ठकथा पुढची गोष्ट सांगते. वस्सकाराने वज्जींत राहून त्यांच्यात भेद पाडला. मग सभेचा नगारा वाजला तरी कोणी येईना. जे मोठे असतील त्यांनी जमावे, जे शूर असतील त्यांनी जमावे, आमचे तेथे काय काम, असे जो तो म्हणू लागला. बंधूंनो, हे वाक्य आपल्या वस्तीत आपण ऐकले नाही काय? "सभा मोठ्यांची, आपले तेथे काय?" हे शब्द वैशाली पडण्यापूर्वीचे आहेत.

मी स्वतः पाहिलेली एक हकिगत सांगतो. गावाचे नाव घेत नाही. तेथे नळपाण्याची योजना झाली. पाइप गावठाणभर फिरला आणि आपल्या वस्तीच्या अलीकडे दीडशे पावलांवर थांबला. पुढचे काम 'नंतरच्या टप्प्यात' असे सांगण्यात आले. लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी म्हटले, आराखडा मंजूर झाला त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला, नक्कल आली. तीत लिहिले होते, 'सर्वानुमते मंजूर'. खाली सह्या होत्या, आणि त्या सह्यांत आपल्या वस्तीतील ३१ सह्या व अंगठे होते. खोट्या नव्हेत, खऱ्या. सभा शाळेच्या पडवीत भरली होती. आपली माणसे बाहेर लिंबाखाली उभी होती. वही फिरत आली तेव्हा त्यांनी सही केली आणि मजुरी बुडू नये म्हणून निघून गेली. ज्यांच्या घरी पाणी येणार नव्हते त्यांनीच तसे लिहून दिले होते.

पुढच्या सभेच्या दहा दिवस आधी वस्तीने लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि विषय विषयपत्रिकेवर घालून घेतला. त्या दिवशी वस्तीतील घरटी एक माणूस आत जाऊन बसला. बोलण्याची वेळ आली तेव्हा पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. उठली ती एक प्रौढ उपासिका. ती एवढेच म्हणाली, "पाइप जिथं थांबला, तिथून पुढं माणसं राहत न्हाईत का?" कोणासही उत्तर देता आले नाही. ठराव लिहिला गेला, तो वाचून दाखविल्यावरच लोकांनी सह्या केल्या. पाणी येण्यास आणखी वर्ष लागले. पुढाकार घेणाऱ्या दोन घरांना त्या हंगामात कोणी कामास बोलाविले नाही, हेही मी लपवून ठेवीत नाही. वस्तीने त्या दोन घरांचा शिधा पुरविला. सभेत बोलणाऱ्याच्या मागे वस्ती उभी राहिली नाही, तर दुसऱ्या खेपेस बोलणारा मिळत नाही.

आता आपल्या हाती असलेली साधने सांगतो. वर्षात ग्रामसभेच्या निदान चार सभा व्हावयास पाहिजेत; सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे; तीत आपल्या भगिनींनी गेलेच पाहिजे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी. हिशेब करा: गावात १२०० मतदार असले तर १०० माणसांनी सभा भरते, आणि ज्या वस्तीत दीडशे मतदार आहेत ती एकटी सभा भरवू शकते. परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या सभेस जाऊन परतणारा आणि तहकूब सभेस न जाणारा माणूस मूठभरांच्या हाती गाव देतो.

लाभार्थ्यांची निवड व विकासाचा आराखडा ग्रामसभेपुढे येतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाची असते. समजा, उत्पन्न ४ लाख असेल तर ६० हजार रुपये. ते कोठे गेले, हे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. तो हिशेब आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपल्या वस्तीच्या फलकावर अद्याप जुने नाव असेल तर तो विषय पुढच्याच सभेत मांडा. धर्मांतराने आपण जे नाव टाकले ते पंचायतीच्या दप्तरात का राहावे? आणि अनुसूचित जातीच्या सदस्यास वा सरपंचास त्याच्या कामात अडथळा करणे, धमकाविणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. राखीव जागेवर निवडून दिलेल्या आपल्या सरपंचाला केवळ सहीपुरते बसविले असेल तर त्यास एकटे सोडू नका. त्याच्याबरोबर सभेत बसा.

ज्यांचे गाव आता नगरपंचायत झाले आहे त्यांनी सावध राहावे. तेथे ग्रामसभा नाही. निर्णय नगरसेवकांच्या सभेत होतात. तेव्हा तेथे अर्ज, नकला आणि आपला नगरसेवक यांवर अधिक नजर ठेवावी लागेल.

उपासक-उपासिकांनो, पौर्णिमेस आपण विहारात जमतो, ते चांगलेच आहे. परंतु ग्रामसभेची तारीखही विहाराच्या फळ्यावर लिहा. सभेच्या आदल्या सायंकाळी येथेच बसा, विषय ठरवा, कोण बोलणार ते ठरवा, आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका. एकेकाळी सभेची वर्दी आपण दुसऱ्यांसाठी घरोघर नेली. आता ती आपल्याच घरोघर न्यावयाची आहे.



जय भीम.