सौर जलतापकाची विक्री : आधी गरज मोजा, मग संच दाखवा

(ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



शेतीला जोडधंदा म्हणून आपल्यापैकी काही जण सौर जलतापकाच्या, म्हणजे आपण ज्याला ‘सोलर’ म्हणतो त्याच्या, विक्रीचा विचार करीत आहेत. धंदा चांगला आहे. पण गच्चीवर बंद पडलेला संच साऱ्या गावाला दिसतो. एक संच फसला की पुढची गिऱ्हाइके तुटतात. म्हणून सुरुवात माहितीपत्रकाने नव्हे, मोजमापाने करा.

घरगुती ग्राहक : आंघोळीला माणशी २० ते २५ लिटर गरम पाणी धरले, तर चार-पाच माणसांच्या कुटुंबाला १०० लिटरचा संच पुरतो. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ४ युनिट वीज लागते. वर्षातले २५० दिवस चांगले ऊन धरा. १,००० युनिट झाले. ग्राहकाच्याच बिलातला दर घेऊन त्याच्यासमोर गुणाकार करा. ज्या घरी चुलीवर किंवा बंबात पाणी तापते, तिथे विजेची बचत सांगू नका. तिथे बचत सरपणाची आणि घरातल्या बाईच्या कष्टांची आहे. तिलाही बोलण्यात सामील करून घ्या.

व्यावसायिक ग्राहक : ज्याला रोज गरम पाणी लागते, तोच खरा ग्राहक. दूध संकलन केंद्र, खानावळ, लॉज, वसतिगृह, दवाखाना यांच्याकडे आधी जा. मंगल कार्यालयात गरज मोठी, पण मोजक्या तिथींची. तिथे घाई करू नका. बॉयलर असलेल्या डेअरीला ‘बॉयलर काढा’ असे सांगू नका. बॉयलरला थंडऐवजी सौर संचातले कोमट-गरम पाणी दिले तरी इंधन वाचते, हे पटवा.

जागेची व पाण्याची तपासणी : पट्ट्या दक्षिणाभिमुख हव्यात, झाड, भिंत वा टाकीची सावली हिवाळ्यातही पडता कामा नये. थंड पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंच हवी. सर्वात महत्त्वाचे म्हणजे बोअरचे पाणी तपासा. जड पाण्याचे क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत साचतात आणि संच हळूहळू निकामी होतो. अशा ठिकाणी उष्णता-विनिमयक असलेला संच सुचवा. किंमत जास्त पडेल, पण ती आधीच सांगा. सपाट पट्टीवर आयएस १२९३३ हे मानक पाहून घ्या.

खोटे आश्वासन नको : सौर जलतापकांवरील केंद्राचे अनुदान २०१४ साली बंद झाले. २०२४ साली सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना वीजनिर्मितीच्या संचांसाठी आहे. दोन्हींची गल्लत करून अनुदानाचे आमिष दाखवू नका. पावसाळ्यात ढगाळ दिवशी पाणी तापणार नाही, पर्यायी सोय ठेवावी लागेल, हेही स्पष्ट सांगा.

विक्रीनंतर : काचेवरची धूळ कशी पुसावी ते घरच्यांना प्रत्यक्ष दाखवा. पहिल्या थंडीत स्वतः फेरी मारा, गळती पाहा, पाण्याला हात लावून पाहा. प्रत्येक संचाची तारीख, पाण्याचा प्रकार व दुरुस्ती वहीत टिपून ठेवा.

बंधूंनो, शेजाऱ्याच्या नळाला पहाटे आलेले गरम पाणी हीच तुमची जाहिरात. ती टिकवणे तुमच्याच हाती आहे.